येळवशीला उघडीप

अहमदपूर तालुक्यातल्या त्या गावात यंदा चैत्रात पूर आला. वैशाखात दोनदा गारपीट झाली, आणि दिवाळीच्या पाडव्याला वीज थेट घरात पडली. सरकारदरबारी याची कुठंच नोंद नाही, कारण हे सगळं हवामान एकट्या व्यंकटरावांच्या अंगात होतं.

व्यंकटरावांची लेक शिवांगी लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला होती. कामावरून खोलीवर आली की ती रोज माईला फोन लावायची. माय, म्हणजे सिंधुबाई, फोन घ्यायची ओट्यावर बसून, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बाजेवर व्यंकटराव आडवे झालेले असायचे. पिऊन आले की त्यांना दोन गोष्टींचा राग यायचा. एक, जेवायला वाढलं याचा. दुसरा, लेकीला आपल्याबद्दल सांगितलं याचा. "काय चुगल्या करायलीस गं?" म्हणून ते बाजेवर उठून बसले की फोन कट व्हायचा, आणि पुढं काय झालं ते शिवांगीला दुसऱ्या दिवशीपर्यंत कळायचं नाही.

एकदा असंच शिवांगीनं विचारलं, "माय, आज कसं हाय?"

सिंधुबाईनं बाजेकडं बघितलं. व्यंकटरावांचा एक डोळा उघडा होता.

"पाऊस लई झाला गं," सिंधुबाई म्हणाली.

होळीनंतरचे दिवस होते ते. बाहेर वाळत घातलेल्या शेवया तडतडत होत्या. पण व्यंकटराव उठले नाहीत. बायकोनं लेकीला पावसापाण्याचं सांगावं, यात त्यांना काही गैर दिसलं नसावं.

त्या दिवसापासून मायलेकींची भाषा ठरत गेली. बसून कुणी ठरवली नाही, ती आपोआप वाढत गेली. भुरभुर म्हणजे घेतलीय, पण आपल्या पायानं आलेत. सर म्हणजे ओरडून झोपले. मुसळधार म्हणजे कुणीतरी दोन्ही बगलांत धरून आणलं. गारा म्हणजे भांडी. एकदा माय म्हणाली, "ओढा दारातूनच गेलाय बघ," तेव्हा शिवांगीला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तिनं पुढं काही विचारलं नाही. आणि उघडीप असाही एक शब्द या भाषेत होता. वापरायची वेळ कमी यायची, पण होता.

जूनमध्ये शिवांगीच्या खोलीवर तनुजा राहायला आली. ती नायगावची. फोनवरचं तिच्या कानावर पडायचं.

"तुमच्याकडं लई पाऊस हाय गं," ती एकदा म्हणाली. "आमच्या नायगावला तर थेंब न्हाई."

"हाव, आमच्याकडं पडतो."

"रोजच?"

"बाजाराच्या दिवशी जास्त."

तनुजानं यावर विचार केला. "डोंगर असतील जवळ," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःची छत्री खिळ्याला अडकवून ठेवली. "घरी जाशील तवा ने."

पण शिवांगी घरी जातच नव्हती. गेल्या येळवशीपासून ती गेलेली नव्हती.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, हा लातूरकडचा मोठा सण. त्या दिवशी लातूर शहरात कर्फ्यू लागल्यासारखं होतं, कारण ज्याला शेत आहे तो स्वतःच्या शेतात असतो आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत मातीचे पाच पांडव मांडायचे, घरच्या गडीमाणसानं आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन यायचं, ठरलेली आरोळी देत कोपीला पाच फेऱ्या मारत पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग भज्जी, उंडे, भाकरी खाऊन झाडाखाली लवंडायचं. पाहुणा जेवढा जास्त तेवढा मान जास्त. म्हणून गेल्या वर्षी शिवांगीनं लॅबच्या मॅडमना आणि कामावरच्या सगळ्यांना बोलावलं होतं.

व्यंकटराव त्या दिवशी सकाळपासूनच पिऊन होते. बिंदगं मात्र त्यांनी एकही थेंब न सांडता आणलं आणि लोक कौतुकही करायला लागले. मग त्यांनी कोपीला फेऱ्या मारायला सुरुवात केली. पाच झाल्यावर थांबायचं असतं. व्यंकटराव थांबले नाहीत. आरोळी देत ते फिरतच राहिले, आणि त्या आरोळीचा अर्थ तसाही कुणाला माहीत नसल्यामुळं त्यांना अडवावं कसं हेही कुणाला सुचेना. शेवटी ते बिंदग्यासकट कोपीवर कोसळले, कोप पाहुण्यांवर कोसळली, आणि मॅडमच्या साडीवर आंबीलही गेली आणि पांडवही गेले. "काही हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यानंतर वर्षभर त्या शिवांगीशी फार चांगलं वागल्या. शिवांगीला ते सगळ्यात जड गेलं.

संध्याकाळी बसमध्ये चढताना ती माईला म्हणाली होती, "आता बाबा आठवडाभर सलग शुद्धीत राहतील तवाच मी येते."

माय म्हणाली होती, "बरं."

तसा आठवडा आला नव्हता.

ऑक्टोबरात सोयाबीनच्या काढणीला भलतंच झालं. सिंधुबाई शेतातून फोनवर बोलत होती, व्यंकटराव ढिगापाशी होते, म्हणून ती म्हणाली, "उद्या बाजार हाय. म्हणजे उद्या मुसळधारच समज." बांधाच्या पलीकडं लक्ष्मम्मा होती. ती देगलूरकडची, या गावात देऊन जन्म गेला, पण ऐकून घ्यायची सवय गेली नव्हती. ऐकलं, आणि तिनं आपल्या सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकून वर दगड ठेवले. आभाळात ढगाचं बोटुकही नव्हतं. लोक हसले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. व्यंकटराव बाजारला गेले. आणि चारच्या सुमाराला असा पाऊस कोसळला, की गावात एकट्या लक्ष्मम्माचं सोयाबीन कोरडं राहिलं.

"अय्यो, मला कुठलं कळतं," लक्ष्मम्मा दारोदार सांगत फिरली. "त्या सिंधूला कळतं! आदल्या दिशी बोलली, माझ्या ह्या कानानं ऐकले."

ही गोष्ट किशनरावांना लागली. किशनराव म्हणजे व्यंकटरावांचे थोरले भाऊ. गावाच्या हवामानाचं खातं त्यांच्याकडं होतं. ते मुंग्या बघायचे, कावळ्याचं घरटं बघायचे, इतर गावांच्या ग्रुपवरचे अंदाज बघायचे, आणि 'हवामान मंडळ' नावाच्या आपल्या ग्रुपवर टाकायचे. ते तडक भावाच्या घरी आले. सिंधुबाईनं डोक्यावर पदर घेतला.

"सिंधू, तू पावसाचं आधी सांगितलीस म्हणं."

"म्या काय सांगते भाऊजी. लेकीसंगं बोलत होते."

"लेकीला सांगतीस अन् गावाला न्हाई?"

याला उत्तर नव्हतं. खरं उत्तर होतं, पण ते डोक्याला रुमाल बांधून आत भिंतीकडं तोंड करून झोपलं होतं.

"बरं, उद्याचं सांग."

सिंधुबाईनं आत नजर टाकली. आज ओकून ओकून बेजार झाले होते. म्हणजे उद्या शपथ घेणार. आणि परवा संध्याकाळी ती मोडणार. "उद्या उघडीप राहील," ती म्हणाली. "परवा दिवस मावळायला येईल परत."

परवा दिवस मावळायला पाऊस आला, खराखुरा, परतीचा. किशनराव मोठ्या मनाचे होते. त्यांनी मुंग्या बघायचं बंद केलं आणि रोज सकाळी भावजयीच्या ओट्यापुढं येऊन उभे राहायला लागले. ग्रुपवर रोज यायला लागलं: 'सिंधुबाईंचा अंदाज. संध्याकाळी हलकी सर. वीज नाही.' बाहेरगावी राहणाऱ्या गावच्या पोरापोरींचे नंबरही किशनरावांनी घातले होते. त्यामुळं लातूरला पेशंटच्या दंडाला रबर बांधता बांधता शिवांगीला आपल्या बापाची तब्येत गावच्या अधिकृत अंदाजात वाचायला मिळायची. एक आख्खं गाव तिच्या बापाकडं बघून सोयाबीन झाकत होतं आणि उघडत होतं, आणि हे जगात फक्त दोन बायकांना माहीत होतं. हसावं की काय करावं, असं होऊन ती सुई बाजूला ठेवायची. पेशंट घाबरून विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काही न्हाई. घरी पाऊस हाय."

व्यंकटरावांना बायकोचा अभिमान वाटायला लागला. दारूच्या दुकानात बसून ते सांगायचे, "आमच्या घरातलीला कळतंय." मग लोक त्यांनाच विचारायला लागले. गुरुपादप्पा हा सरळ माणूस, गळ्यात लिंग, आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता. पण त्याच्या तुरीला फवारणी करायची होती. तो नाक दाबून दुकानात आला.

"व्यंकटराव, उद्या फवारू का?"

"घरी विचारावं लागंल."

"मग विचारा की."

"विचारतो. बसा जरा. घसा कोरडा पडलाय."

गुरुपादप्पानं घसा ओला करून दिला. व्यंकटराव तसेच घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "उद्या पाऊस हाय का?" सिंधुबाईनं त्यांच्याकडं खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हाय." गुरुपादप्पानं फवारणी पुढं ढकलली. पुन्हा विचारायला गेला, पुन्हा घसा ओला केला, पुन्हा पाऊस. ज्याला उघडीप जितकी जास्त पाहिजे, तो तितका जास्त पाऊस पाडून घेत होता. अळ्यांनी तूर खाल्ली.

नोव्हेंबर लागला तसा खरा पाऊस बंद झाला. सिंधुबाईंचा अंदाज चालूच होता. किशनरावांनी ग्रुपवर खुलासा केला, की अंदाज बरोबर होता, पाऊस ऐन वेळी शेजारच्या शिवारात सरकला. शेजारच्या शिवारातले लोक म्हणाले, आमच्याकडं तर आला नाही. किशनराव म्हणाले, मग तुमच्याकडूनही सरकला.

आणि येळवस जवळ आली.

तिच्या आधीच्या आठवड्यात सिंधुबाईचा आवाज बदलला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "उघडीप हाय." दुसऱ्या दिवशीही उघडीप. तिसऱ्या दिवशी, "आभाळ कसं धुतल्यावानी हाय बघ." शिवांगीला इथंच शंका आली. सवाष्णीसारखं नटवून माय हवामान कधी सांगत नव्हती.

"माय, खरंच उघडीप हाय?"

"हाय म्हणते की."

"रोज?"

"रोज. भज्जीला वाटाणे सोलून ठेवलेत. तिळाच्या पोळ्या करायलेय." मग तिनं आवाज खाली आणला. "वर्ष झालं गं. तू न्हाई आलीस तर कोपीपुढं म्या कुणाला वाढू?"

 शिवांगीनं ग्रुप उघडला. 'सिंधुबाईंचा अंदाज: येळवशीला आकाश निरभ्र. सर्वांनी सहकुटुंब शेतात जावे.' तिच्याकडं दुसरा कुठला आधार नव्हता. गावच्या लक्ष्मम्माला फोन केला तर ती म्हणाली, "ऊन हाय की, अंग भाजायलंय." तिनं पिशवी भरली. माय खोटं बोलत असेल तर काय, हे तिनं ठरवलं नव्हतं. माय खरं बोलत असेल, एवढंच तिनं ठरवलं होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी ती लॅबमधून आली, आणि फोन वाजला. ग्रुपवर किशनराव होते.

'तातडीची सूचना. उद्या दुपारनंतर अवकाळी. मुसळधार. बाहेरगावच्यांनी सकाळी यावे, जेवावे आणि दुपारच्या आत परत फिरावे. कोपी झाकून घ्याव्यात.'

खाली लोकांनी हात जोडले होते. एकानं विचारलं होतं, आंबील किती करावी. शिवांगीनं माईला फोन लावला.

"कोण म्हणलं?" सिंधुबाई एकदम ओरडली. "उघडीप हाय! म्या सांगते ना, उघडीप हाय!"

"मग मोठ्या काकांना कोण सांगितलं?"

"म्या न्हाई. तुझी आण."

शिवांगीनं किशनरावांना फोन लावला.

"तुझा बापच आला होता की," किशनराव म्हणाले. "दारात उभा राहून सांगून गेला. मी म्हणलो, सिंधू सांगायली का? म्हणला, न्हाई दादा, मी सांगायलो. टाक म्हणला ग्रुपवर, पोरीला दिसलं पाहिजे. अन् शुद्धीत होता गं. मला त्याचीच काळजी वाटायली."

फोन ठेवून शिवांगी कॉटवर बसली. तनुजानं विचारलं, "काय झालं? पाऊस?" तेव्हा शिवांगीनं पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं, होळीपासून.  तनुजानं छत्रीच्या खिळ्याकडं बघितलं.

"म्हणजे एवढे दिवस मी तुझ्या बापाला छत्री देऊन राहिले होते?"

शिवांगी हसली आणि मग तिला हुंदका आला, आणि तो हसण्यातच गेला म्हणून बरं झालं. मग तिनं व्यंकटरावांचा नंबर काढला. तो तिच्याकडं होता. लावायची वेळ आली नव्हती, कारण संध्याकाळनंतर तिकडून बोलायला कुणी उरत नसे.

"बाबा."

"हं."

"ते ग्रुपवर आलंय..."

"हाव. मीच सांगितलो."

"दुपारनंतर?"

"दुपारपतूर कळ काढतो. त्याच्या म्होरं माझी खात्री न्हाई." आवाज कोरडा होता, आणि शब्द एकेक करून येत होते. "तुझी माय उघडीप सांगायलीय. आठवडाभर न्हाई उघडीप. काल बी मुसळधार होतं."

शिवांगीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हाला कवापासून कळलं?"

"चैतात पूर आला म्हणून सांगायली तुझी माय. चैतात कुठं पूर येतो का गं? मी शेतकरी माणूस हाय."

"मग बोलला का न्हाईत?"

"काय बोलू? अंदाज बरोबरच येत होता."

 तिकडं माईच्या भांड्यांचा आवाज येत होता, स्वयंपाकाचा.

"माईला काय म्हणू नको," व्यंकटराव म्हणाले. "तिला तू पाहिजेस. पर गेल्या बारीसारखं तुझ्या म्होरं नको. सकाळी ये. जेव. जा."

सकाळी शिवांगी पहिल्या गाडीनं गेली. गावाच्या शिवारात शिरल्यावर तिनं खिडकीतून बघितलं आणि तिला आपण चुकीच्या सणाला आलो की काय असं वाटलं. ज्वारी हातहात वाढलेली, हरभरा फुलावर, वर आभाळ निळंशार, आणि त्या झगझगीत उन्हात प्रत्येक शेतात निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांचं एकेक गाठोडं. गावानं सगळ्या कोपी बांधून घेतल्या होत्या. लक्ष्मम्मानं खताच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतली होती आणि आत ती घामानं निथळत होती. लोक वर बघत भराभरा जेवत होते. एरवी दिवस मावळेपर्यंत चालणारा सण गावानं उरकायला घेतला होता.

व्यंकटराव आंघोळ करून, पांढरे कपडे घालून विहिरीपाशी उभे होते. दाढी केली होती, दोन ठिकाणी कापलं होतं. बिंदगं त्यांच्या पुढं ठेवलेलं होतं. त्यांनी ते उचलायला दोन्ही हात लावले आणि हात इतके थरथरायला लागले, की आंबिलीवर लाटा आल्या. गेल्या वर्षी पिऊन एक थेंब सांडला नव्हता.

"सरका," शिवांगी म्हणाली. "मी घेते."

"गड्यानं घ्यायचं असतंय."

"माहीत हाय."

तिनं चुंबळ केली आणि बिंदगं डोक्यावर घेतलं. व्यंकटराव तिच्या मागं चालले. फेऱ्या त्यांनीच मोजल्या, मोठ्यानं, आणि पाचव्या फेरीला "बास," म्हणाले. आंबील शिंपडून झाली. सिंधुबाई आली ती डोळे पुसतच आली. लेकीच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली आणि लगेच भांडणाच्या सुरात म्हणाली, "बघ कसं ऊन हाय! म्या सांगत होते का न्हाई?"

"सांगत होतीस."

"मग?"

"वाढ," शिवांगी म्हणाली.

माईनं वाढलं. एवढी भज्जी वाढली, की ताटात भाकरी ठेवायला जागा उरली नाही. व्यंकटरावांनी दोन घास खाल्ले आणि बाकीचं चिवडत बसले. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. वाटेनं जाणारा-येणारा विचारायचा, "व्यंकटराव, कवा यायलाय पाऊस?" ते म्हणायचे, "यायलाय. जेवून घ्या." गुरुपादप्पानं हाक मारून जेवायला बोलावलं, तर ते "नंतर," म्हणाले. सूर्य माथ्यावर आला. सिंधुबाई सूर्याकडं बघत होती, मग नवऱ्याकडं, मग लेकीकडं.

"राहतीस का आजच्या दिवस?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"न्हाई माय."

"बरं," सिंधुबाई म्हणाली, आणि डब्यात उंडे भरायला लागली. जितके मावतील तितके भरले, आणि मग झाकण लागेना म्हणून दाबले.

व्यंकटराव उठले. "सोडून येतो," ते म्हणाले.

फाट्यावर बसथांबा होता, म्हणजे एक पूल होता आणि त्याच्या कठड्यावर लोक बसायचे. फाट्यावरून डांबरी सडक दोन्हीकडं जायची. एक बाजू अहमदपूरची, एक बाजू दुकानाची. दोघं कठड्यावर बसले. बस यायची वेळ होऊन गेली. येळवशीला गाड्या उशिराच येतात, कारण चढायला माणूस नसतो. व्यंकटरावांनी हात गुडघ्यांत धरून ठेवले होते. मग गुडघे हलायला लागले.

"तुम्ही जा बाबा," शिवांगी म्हणाली.

"बस येऊ दे."

एक मोटरसायकल गेली. तिच्यावरचा माणूस दुकानाच्या बाजूला वळला. व्यंकटरावांनी तिकडं बघितलं नाही, म्हणजे मान फिरवून दुसरीकडं बघितलं.

"लातूरला एक डॉक्टर हायत," शिवांगी म्हणाली. "आमच्या लॅबला त्यांचे पेशंट येतात. भरती करून घेतात. हात थरथरायचे थांबतात, औषध हाय त्याला."

"तुझ्या मॅडमला कळंल."

"त्यांना कळलंय की. त्यांच्या साडीवर पडला होताव."

व्यंकटराव हसले. दात वाजत होते, तरी हसले. "बघू," ते म्हणाले.

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे आज न्हाई म्हणायची ताकद न्हाई अन् हाव म्हणायची बी न्हाई."

शिवांगीनं ते ऐकून घेतलं. यापेक्षा खरं बोलणं घरात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"अन् मी आज राहिलेच तर?" तिनं विचारलं.

"राहू नको," ते लगेच म्हणाले. "राहिलीस तर मला लपून जावं लागंल. त्यात लई वेळ जातो."

उन्हात सडक चकाकत होती. खूप वेळानं वळणावर बस दिसली. व्यंकटराव उठून सडकेच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले, जणू ती थांबणारच नव्हती. कंडक्टरनं दार उघडलं. आत तीन-चार माणसं होती. शिवांगी चढली, आणि वळून बघते तो व्यंकटराव डबा वर करून देत होते. डबा हातात घेताना तिला त्यांची थरथर डब्यातून कळली. "जा," ते म्हणाले. "नीट जा." बस निघाल्यावर ते जागेवरच उभे राहिले. ते वळले कधी, हे बघायला नको म्हणून शिवांगी पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मग तिनं माईला फोन लावला.

"बसले."

"बसायला जागा मिळाली?"

"आख्खी गाडी मोकळी हाय. माय, आता तू मला रोजचं सांगू नको. खरं बी नको अन् खोटं बी नको."

"मग तू येणार कशी?"

"संक्रांतीला येते. पहिल्या गाडीनं. दुपारी परत जाईन."

"अन् त्या दिशी काय बी असलं तर?"

"सकाळी नसतंय ना?"

 पलीकडून भांडणाचा आवाज आला.

"पहिल्या गाडीनं म्हणजे मला पहाटंच उठून पोळ्या कराव्या लागतील की," सिंधुबाई म्हणाली. "तुझं काय जातंय सांगायला! तीळ कुठले आणू, इथले का लातूरचे? अन् ती नायगावची पोरगी एकटीच असती ना खोलीवर? तिला बी आण."